छापलेली ईद

खदिजा,

टेलिफोन बोर्डाच्या बाजूला टांगलेल्या कॅलेंडरवर तू पेन्सिलनं काढलेलं प्रश्नचिन्ह अजून तसंच आहे. दर जानेवारीत गिरणीचं नवं कॅलेंडर आलं की मी आणि फिलोमिना आपापल्या सुट्ट्या शोधायला लागायचो, आणि तू आधी पेन्सिल शोधायचीस. ईदच्या तांबड्या चौकोनात, खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढं एक प्रश्नचिन्ह. यंदाही काढलंस. तेव्हाच तुझे डोळे पिवळट दिसत होते. मी म्हटलं, "आधी डॉक्टरला दाखव. चंद्राला अजून चार महिने आहेत." तू म्हणालीस, "डॉक्टर काय, रोज उगवतो गं. चांदाचा भरोसा नाय."

आज एकोणतिसावा रोजा, म्हणजे चांद बघायची संध्याकाळ. तू जाऊन पाच आठवडे झाले. मी दुसऱ्या पाळीला बोर्डावर बसले आहे आणि कॉल लिहून घ्यायच्या कोऱ्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर हे लिहिते आहे. कुणी बघेल ही भीती आहेच. माझा स्वभाव तुला माहीत आहे. कुलूप लागलं का बघायला स्टेशनवरून पुन्हा भिसेगावला घरी जाणारी बाई मी. तू म्हणायचीस, कुसुमला काळजी नसली की तिला त्याचीच काळजी लागते. आज मात्र काळजी खरी आहे, आणि ती ज्या एकीला सांगता आली असती ती तू होतीस.

आठ दिवसांपूर्वी मी चाचांना सगळं सांगून टाकलं. तुझ्या सासऱ्यांना. तुला विचारता आलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, हे मला पक्कं माहीत आहे. तरी सांगितलं. आणि तेव्हापासून बोर्डावर गेटच्या फोनचा दिवा लागला की मला वाटतं, चाचा साहेबांना सांगायला आले.

आधी जरा मागचं आठवते, म्हणजे मला धीर येईल. खोपोलीच्या या कागदाच्या गिरणीत आपण तिघी टेलिफोनवर लागलो तेव्हा साहेबांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली होती. गिरणीला सुट्टी असेल, बॉयलरला नसते, म्हणून बोर्डालाही नसते. तेव्हा तिघींनी आपापसात बघून घ्यायचं. मग आपणच तो नियम केला. दिवाळीला तुम्ही दोघी बसायचं, नाताळला तू आणि मी, आणि ईदला मी किंवा फिलोमिना. जी दुसरीच्या सणाला बोर्डावर बसेल तिला घरातला पहिला डबा. घरच्या माणसांच्या ताटात पडायच्या आधी तो डबा गेटवर पोचला पाहिजे. माझी सासू पहिली दोन वर्षं कुरकुरली, की नैवेद्याच्या आधी डबा कसा भरायचा. मग तीच विचारायला लागली, "त्या खदिजाला चकली कडक लागते का खुसखुशीत?"

आणि आपली भांडणं! मी म्हणायचे, "तुमचे सण काय बाई, कधी उन्हाळ्यात, कधी पावसात, वर्षभर हिंडत असतात." तू लगेच, "आणि तुमचा तीन सालांनी अख्खा एक म्हैना जास्तीचा येतो, त्याचं काय? आमचा चांद चुकतो, तुमचा तर म्हैनाच चुकतो." फिलोमिना मध्ये पडायची, "आमचं बघा. पंचवीस तारीख म्हणजे पंचवीस." की तू तिच्याकडे वळायचीस, "मग तुझा गुड फ्रायडे का गं दर साली पळतो? त्याच्या मागं कोन लागलंय?" फिलोमिना फादरना विचारून सांगते म्हणाली होती, त्याला पंधरा वर्षं झाली. यंदा आमचा अधिक महिना नेमका आत्ताच लागला आहे. तू असतीस तर मला सुखानं जेवू दिलं नसतंस.

आता ते साल. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. तिघींचे सण एकाच आठवड्यात आले होते. फिलोमिना चर्चमधल्या माउलीच्या सणाच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला वसईला गेलेली. गणपती तोंडावर. आणि तुझा रमजान संपत आलेला. कॅलेंडरात ईद ज्या दिवशी छापली होती, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमची हरतालिका आणि तिसऱ्या दिवशी गणपती. म्हणजे ईद छापल्याप्रमाणे आली, तर मी तुझी पाळी करून हरतालिकेला घरी पोचत होते. पण चंद्र एक दिवस हुकला, तर ईद हरतालिकेवर येणार आणि मी बोर्डावर अडकणार. त्याच साली ह्यांची नोकरी सुटलेली, सासू अंथरुणाला खिळलेली. गणपती आणायचा, आरास करायची, सोवळ्यातला स्वयंपाक, सगळं माझ्यावर. आठ दिवस मी ते कॅलेंडर बघत होते आणि तुझ्या प्रश्नचिन्हावर मनातल्या मनात चिडत होते. हे तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या चंद्रावर माझा राग होता, खदिजा.

एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी दुसऱ्या पाळीला मी होते. तू पहिली पाळी करून घरी गेलेलीस, जाताना सांगून, "मामूचा फोन आला की दगडूकडं निरोप दे." मशिदीचं चाचा बघायचे, तिथं फोन नव्हता. मुंबईला तुझे मामू मोठ्या मशिदीच्या बाजूला राहायचे. तिथं चंद्राची ग्वाही झाली की ते गिरणीच्या नंबरावर ट्रंककॉल लावायचे आणि बोर्डावरून बातमी तुमच्या मोहल्ल्यात जायची. नवरा बोटीवर असताना सुनेला गिरणीत फोनवर बसवलं म्हणून चाचांना लोक नावं ठेवायचे. ती नावं वर्षातून एक संध्याकाळ बंद व्हायची, कारण चांद तुझ्यामुळं कळायचा.

पाऊस कोसळत होता. घाटाकडचं काही दिसत नव्हतं, मग आभाळातलं काय दिसणार. लाइन सारखी तुटत होती. सात वाजले, साडेसात झाले, मामूंचा फोन नाही. तेवढ्यात मुंबईहून एका दलालाचा कॉल आला, स्टोअरच्या साहेबांना. मी जोडून दिला. जोडल्यावर कळ वर करायची, म्हणजे आपण लाइनीच्या बाहेर. ते मी केलं नाही. लाइन तुटेल म्हणून ऐकत राहिले, असं मी स्वतःला नंतर खूपदा सांगितलं आहे. खरं म्हणजे तो मुंबईचा माणूस होता आणि मला मुंबईची एकच गोष्ट हवी होती. तो म्हणाला, "उद्या ईद, बाजार बंद. गाडी परवा सोडतो."

बस. मला तेवढं पुरलं. चंद्र कुणी पाहिला, ग्वाही कुणी दिली, काही विचारायची सोय नव्हती आणि इच्छाही नव्हती. दगडू पहारेकरी घरी जायला निघालेला, त्याची वाट तुमच्या मोहल्ल्यावरूनच. मी खिडकीतून ओरडून सांगितलं, "खदिजाला सांग, मुंबईचा फोन आला. चंद्र झाला. उद्या ईद." फोन मुंबईचाच होता. कुणाचा, हे मी सांगितलं नाही. तेवढं न सांगणं मला त्या घटकेला खोटं वाटलंच नाही. मी हरतालिकेच्या पूजेला वाळू कुठून आणायची याचा विचार करत होते.

पुढचं मला दगडूनं सांगितलं. मशिदीत लोक थांबले होते. कुणीतरी ट्रान्झिस्टर कानाला लावून बसलेला, तो म्हणाला, रेडिओवर तर काही सांगितलं नाही. चाचा म्हणाले, "माझी सून फोनवर बसते. तिच्याकडनं आलंय." तिथंच विषय संपला. घरोघरी शेवया भाजायला घेतल्या.

सकाळी तुझ्या पाळीला मी होते. रात्री फिलोमिनाच्या खोलीवरच राहिले होते, किल्ली माझ्याकडे होती. साडेनऊला तू आलीस, पोपटी साडी नेसून, हातात शीरखुर्म्याचा डबा. मुलांना अजून दिला नाही म्हणालीस, आधी तुझा. डबा बोर्डावर ठेवलास आणि मुंबईचा दिवा लागला. मी कॉल घेतला, "तुझे मामू" म्हणून हेडफोन तुझ्या हातात दिला. तुझा चेहरा मला अजून दिसतो. "नाय झाला?" तू म्हणालीस. मग थोड्या वेळानं, "मग काल तुमी फोन केलाच नाय?" मामू आदल्या संध्याकाळपासून लाइन मिळवायला धडपडत होते. चंद्र झाला नव्हता. त्या दिवशी तिसावा रोजा होता, आणि तुझ्या सगळ्या मोहल्ल्यानं सकाळी उठून तोंड गोड केलं होतं.

तू हेडफोन ठेवलास. "कुसुम, कोनाचा फोन व्हता?"

मी सांगितलं. दलालाचा. बाजार बंद म्हणाला.

"म्हंजे कॅलेंडरातली सुट्टी," तू म्हणालीस. "छापलेली."

बाजार छापलेल्या तारखेला बंद असतो, चंद्र दिसो नाहीतर न दिसो. शाळेतल्या पोराला कळेल अशी गोष्ट. आणि वर्षानुवर्षं तू माझ्याशी हेच तर भांडत होतीस, की सरकारनं छापलं म्हणून चांद उगवत नाय गं. मला ते ठाऊक होतं. त्या संध्याकाळी मी ते ठाऊक असणं बाजूला ठेवलं, एवढंच.

मी रडायला लागले. तू दाराकडे बघितलंस आणि आवाज खाली आणलास. "गप. कॉल ऐकलास म्हनून कोनाला बोलू नको. तुला काढतील." आपल्या आधीच्या मुलीला त्याच कारणानं दोन दिवसांत घरी पाठवलं होतं, ते दोघींनाही माहीत होतं. "घरात तू एकटी कमावती हायस," तू म्हणालीस, "मी बघते काय सांगायचं ते." मी हो म्हटलं. इतक्या चटकन हो म्हटलं, खदिजा, की त्याची मला आजही लाज वाटते. एकदा तरी नको म्हणायला हवं होतं. तू ऐकलं नसतंस, पण मी म्हणायला हवं होतं.

तू चाचांना, सगळ्या लोकांसमोर, सांगितलंस की फोन आला होता, पण कुणी केला ते मी विचारलं नाही, माझी चूक झाली. मामूचा म्हणून मीच धरून चालले. लोक बोलले. सुनेला फोनवर बसवलं की असं होतं, हे त्यांना दहा वेळा बोलता आलं.

दुसऱ्या दिवशी खरी ईद. गिरणीनं सुट्टी दिली नाही. "ईदची सुट्टी एकच असते, ती काल झाली, मशीन काय चंद्र बघून थांबवायचं?" असं टाइमऑफिसचे साहेब म्हणाले. पाळी कुणाची हा प्रश्न होताच. मी मान खाली घालून म्हटलं, मी बसते, तू घरी थांब. तू म्हणालीस, "तू जा तुझ्या गणपतीला. माझी ईद झाली. नवी साडी नेसून झाली की." आणि साध्या सुती साडीत येऊन बोर्डावर बसलीस. मी गेले. तुझ्या खऱ्या ईदला तू हेडफोन लावून बसलेली आणि मी घरी हरतालिकेचा कडक उपास धरून वाळूची पिंड थापत होते. गौरीहराकडे काय मागायचं ते मला सुचेना.

ऋषिपंचमीला मी तुझा डबा घेऊन आले, उकडीचे मोदक. तू झाकण उघडून वास घेतलास आणि परत लावलंस. "संध्याकाळी खाईन. रोजा हाय."

"आता कसला रोजा? रमजान संपला ना?"

"तो एक राहिला व्हता ना, त्याचा."

ज्याचा रोजा चुकला त्यानं तो नंतर भरून काढायचा असतो, हे मला तेव्हा कळलं. त्या महिन्यात तुमच्या मोहल्ल्यात घरोघरी एकेक रोजा असा भरून निघाला असणार. तितक्या घरांचे उपास माझ्या एका निरोपाचे होते. संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर तू माझ्या मोदकानं रोजा सोडलास. मी समोर बसले होते. तू म्हणालीस, "नारळ जरा जास्ती पडलाय." आजपर्यंत मला कुणी याहून मोठी माफी दिली नाही, आणि ती माफी होती की नुसता नारळ, हेही मी तुला कधी विचारलं नाही.

फिलोमिना वसईहून परत आली. "काय झालं गं इकडे? सगळे तोंड पाडून का?" तू म्हणालीस, "काय नाय. पाऊस पडला."

त्यानंतर चाचांनी तुला चांद कधी विचारला नाही. मामूंचा फोन बंद झाला. एकोणतिसाव्या रोजाला चाचा स्वतः एसटीनं पनवेलला जायचे, तिथल्या मशिदीत बसून खात्री करून परत यायचे. म्हातारा माणूस, गुडघे दुखणारा. आणि तू घरात असायचीस, फोनवर बसणारी सून. तू ते मला सांगितलंस तेही हसत, "आमच्या घरात आता चांद एसटीनं येतो." मी हसले. हसायला नको होतं.

एकदा तू अर्ज लिहिलास, आठवतं? ईदची सुट्टी छापलेल्या तारखेला न देता चांदाप्रमाणे द्यावी. बारा-तेरा सह्या झाल्या. माझ्यासमोर कागद ठेवलास. मी म्हटलं, माझी कशाला, मी काय ईद करते? खरं कारण वेगळं होतं. त्यावरून त्या सालाची गोष्ट निघेल, कुणी विचारेल की तो फोन नक्की कुणी घेतला होता, असं माझ्या मनात आलं. तू कागद उचललास. साहेबांनी तो कुठं घातला देव जाणे. पण सही मी केली नाही, हे मला आज अर्जापेक्षा जास्त डाचतं. फिलोमिनानं केली होती.

दवाखान्यात तुला भेटायला आले तेव्हा गाडीत पाठ करून आले होते. खदिजा, त्या सालाबद्दल मला तुझ्याशी बोलायचं आहे, असं सुरू करायचं ठरवलं होतं. तू खाटेवर इतकीशी झाली होतीस. मला बघून म्हणालीस, "यंदा ईदला बोर्डावर कोन?" मी म्हटलं, मी. "मंग बरं," म्हणालीस आणि पाणी मागितलंस. मी पाणी दिलं. "खदिजा, त्या साली—" एवढं म्हटलं आणि तू डोळे मिटलेस. झोप आली होती की मला थांबवलंस? मी रोज या प्रश्नाशी येऊन थांबते. नर्स आली, वेळ संपली म्हणाली, आणि मला, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी तुमच्या घरी बायकांत बसले होते. कुणीतरी बोलली, वाईट मनानं नाही, हळहळूनच बोलली, "बाई लाखाची व्हती. पन ती एक ईद तिच्या हातनं बुडाली." बाकीच्यांनी माना हलवल्या. तू एवढी वर्षं त्या मोहल्ल्यात राहिलीस, कुणाच्या तारा लिहून दिल्यास, कुणाच्या बोटीवरच्या नवऱ्याचा ठावठिकाणा लावून दिलास, आणि तुझ्या नावापुढे उरलं काय, तर माझी चूक. मला तिथं बसवेना. पण तिथं बोलताही आलं नाही. घरी आले आणि दहा दिवस धड जेवले नाही. ह्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, पित्त.

शेवटी गेल्या आठवड्यात पहिली पाळी सुटल्यावर गेले. चाचा ओट्यावर बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, दलाल, कळ, दगडू, आणि तू मला गप्प बसायला सांगितलंस ते. ते सांगताना मला वाटत होतं की मी तुझं काहीतरी चोरते आहे. तू इतकी वर्षं सांभाळलेली गोष्ट मी तुझ्या माघारी उघडी करत होते. तुझं नाव धुवायला, का माझं ओझं उतरवायला? मला खरंच ठरवता येत नाही.

चाचा म्हणाले, "दहा सालं झाली. दहा सालं मी त्या पोरीला चांद विचारला नाय."

मग माझ्याकडे वळले.

"तवा का नाय बोललात, बाई?"

"नोकरी जाईल म्हणून."

"आनि आता?"

"आताही जाईल कदाचित, चाचा."

ते उठले, टोपी नीट केली आणि मशिदीकडे चालायला लागले. मागे वळून बघितलं नाही. तेव्हापासून मी वाट बघते आहे. ते गिरणीत येतील, साहेबांना सांगतील. किंवा कुणालाच काही सांगणार नाहीत, आणि ते मला जास्त वाईट वाटतं, कारण मग त्या बायका तशाच माना हलवत राहतील. यंदाच्या दोन्ही दिवसांची पाळी मी माझ्या नावावर लिहून टाकली आहे, छापलेल्या दिवसाची आणि त्याच्या पुढच्याही. कधीही येवो, तुझ्या ईदला बोर्डावर मीच. डबा कोण आणणार, याचा विचार करायचा नाही असं ठरवलं आहे.

इथवर लिहिलं आणि गेटचा दिवा लागला. नवा पहारेकरी बोलला, "बाई, तुमच्या खदिजाबाईंचे सासरे आलेत. चारपाच मान्सं हायेत सोबत. तुमच्याशी बोलायचं म्हनतात."

मला वाटलं, झालं. हातातल्या चिठ्ठ्या मी आधी खणात सरकवल्या, बघ माझी अक्कल, जशी काही ती मंडळी चिठ्ठ्या वाचायला आली होती.

चाचांचा आवाज आला. "बाई, रोजा सोडून सरळ इकडंच आलो. मोहल्ल्याची मान्सं आनलीत संगं. त्यांना सांगितलंय मी, आमची सून खोटी नव्हती. निरोपच तिला तसा मिळाला व्हता." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कोनी दिला ते नाय सांगितलं. ती बोलली नाय, तर मी कशाला बोलू?"

मी नुसतं "चाचा" म्हटलं.

"मुंबईला लावून द्याल का? तिच्या मामूला. टीवीवर सांगतील म्हनतात सगळे. पन आमच्याकडं चांद या बोर्डावरनं यायचा."

आता थेट लागतो मुंबईचा नंबर, ट्रंक नको की वाट बघणं नको. तुझ्या अक्षरातला मामूंचा नंबर खणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे, तो बघून फिरवला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा घंटा गेली, पलीकडून "हॅलो" आलं, आणि मी म्हटलं, "खोपोलीहून. बोला." गेटची वायर जोडली. चाचांनी सलाम केला, मामूंनी घेतला. पुढचा शब्द चंद्राचाच असणार होता.

मी कळ वर केली.

दोन दिवे पेटलेले आहेत, एक गेटचा, एक मुंबईचा. त्यांच्या उजेडातच हे शेवटचं लिहिते आहे. ते बोलताहेत आणि मला काही ऐकू येत नाही. बोट कळेवर जायला बघतं आणि मी ते मांडीखाली धरून ठेवलं आहे. उद्या तुझी ईद आहे का परवा, मला ठाऊक नाही, खदिजा. चाचा सांगतील तेव्हा कळेल.